लिनक्सवर बांधलेली एक्झी विंडोजवर उघडत नाही, त्याबद्दल

भाऊ, तुम्ही म्हणताय की उबंटूवर मिंगडब्ल्यूने (लिनक्सवर बसून विंडोजचे प्रोग्राम बनवणारा कंपायलर) कंपाईल नीट झालं, एक्झी म्हणजे चालवायची फाईल पण बनली, पण विंडोजवर डबल क्लिक केलं की डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी लायब्ररीची फाईल, सापडत नाही म्हणतं. माझंही अगदी हेच झालं होतं, रावेरला मामांच्या केळीच्या वखारीत वजनाच्या नोंदीसाठी एक ओपन सोर्स प्रोग्राम बसवायचा होता, जळगावला घरी बांधला, पेनड्राईव्हवर टाकून घेऊन गेलो आणि तिथे उघडल्यावर लिबविनपीथ्रेड नावाची डीएलएल नाही अशी पाटी, बाहेर काट्यावर गाडी उभी.

ही डीएलएल कंपायलरसोबत येते, विंडोजमध्ये नसतेच. नेटवरच्या कुठल्यातरी साईटवरून डीएलएल उतरवू नका, व्हायरस येईल तो वेगळाच. लिंक करताना, म्हणजे शेवटी सगळे तुकडे जोडताना, डॅश स्टॅटिक द्या म्हणजे ती एक्झीतच मिसळते, किंवा मिंगडब्ल्यूच्याच फोल्डरमधल्या डीएलएल एक्झीशेजारी ठेवा. नेमक्या कोणत्या लागतात ते ऑब्जडंपला (फाईलच्या आतली माहिती दाखवणारी कमांड) डॅश पी आणि एक्झीचं नाव देऊन बघा, डीएलएल नेम लिहिलेल्या ओळी येतात, त्यात कर्नेल३२ वगैरे दिसलं तर घाबरू नका, ते विंडोजचंच आहे.

आणि कॉन्फिगरला (बांधणीआधी चालवायची स्क्रिप्ट) टार्गेट नाही, होस्ट द्यायचं, म्हणजे प्रोग्राम कुठे चालणार ते. टार्गेट कंपायलरसारखी टूल्स बांधताना लागतं, इथे बहुतेकजण चुकतात. लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं पीकेजी-कॉन्फिग पण मिंगडब्ल्यूचंच वापरा, नाहीतर ते तुमच्या उबंटूच्या लायब्ररी देतं आणि लिंकर भलतेच एरर फेकतो. आधीचं अर्धवट बिल्ड मेक डिस्टक्लीनने साफ करूनच परत चालवा, आणि आता आला तर पूर्ण एरर इथे टाका, मी रात्री बघतो.