तीन वेळा रीत बदलली. दालमिलचं गणित कुठं चुकतंय?

प्रश्न (लातूर): वडिलांची दालमिल सहा वर्षांपासून मी बघायलोय. जानेवारी-फेब्रुवारीत मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, तूर भरायची, भाव चढला की डाळ काढायची, ही वडिलांची रीत. 2015 ला किरकोळीत तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली, तेव्हा चांगलं कमावलं. पुढं चढ्या भावात भरलेला माल अंगावर आला. 2016-17 ला पीक उदंड, भाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाच्याही खाली. ती धास्ती माझ्या मनात बसली, म्हणून मिल हातात येताच मजुरीवर डाळ करून द्यायला लागलो. मग स्वतःच्या नावाची किलोची पाकिटं काढली. विक्री वाढली, पण बँकेची सीसी (खेळत्या भांडवलाचं कर्ज) कायम मर्यादेपर्यंत उचललेली. गेल्या वर्षी पुन्हा तूर भरली. शेजारचा मिलवाला जुन्या मशीनवर निव्वळ मजुरी करतो, तरी निवांत आहे. असं का?

उत्तर (जालना, सीए): दादा, तिन्ही धंद्यांना तुम्ही वर्षअखेरच्या नफ्याची एकच फूटपट्टी लावताय. साठवणुकीत एक वर्ष दणक्यात आणि दोन कोरडी जातात, त्यामुळे पाच वर्षांची बेरीज धरा. पाकिटात सुरुवातीची वर्षं दुकानदारांची उधारीच खाते. मजुरीत क्विंटलमागं नफा थोडा, पण भांडवल गुंततच नाही. तिथं मिल वर्षात किती दिवस फिरली ते मोजा. शेजाऱ्याचा नफा तुमच्याहून कमीही असेल, पण त्याला व्याज नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, व्यवस्थापनाची प्राध्यापिका): माइल्स आणि स्नो या अभ्यासकांनी 1978 मध्ये कंपन्यांचे चार प्रकार मांडले: आपलं क्षेत्र धरून राहणारे, सतत नवं शोधणारे, दोन्हींचा मेळ घालणारे आणि वारा येईल तसे वळणारे. पहिले तिन्ही आपापल्या वाटेनं चांगले चालू शकतात, कारण त्यांची माणसं, मशीन, पैसा त्या वाटेला जुळलेले असतात. चौथ्याचं काहीच जुळत नाही. तुम्ही हुशारीत कमी नाही. तुमची घडी दर वेळी मोडते.

उत्तर (उदगीर, जुना मिलवाला): भैय्या, शेजाऱ्याला उतारा, म्हणजे क्विंटलभर तुरीतून किती डाळ पडते ते, विचारलं का? मजुरीवाल्याचं गिऱ्हाईक समोर उभं राहून डाळ मोजून घेतं, म्हणून त्याला किलोकिलोवर नजर ठेवावी लागते. साठवणाऱ्याचं लक्ष भावावर, उताऱ्याकडं कोण बघतो? तुझ्या वह्या काढ.

प्रश्नकर्ता: काका, रात्री काढल्या. मजुरीच्या वर्षांत 100 किलो तुरीमागं 72 किलो डाळ पडलीय. गेल्या वर्षी 69. पाकिटांच्या वर्षांत उतारा लिहिलेलाच नाही.