तिकिटावर छापलेल्या किमतीला तिकीट मिळतं का हो कुणाला?

गवतीचहा (धागाकर्ती)

मोकळ्या मैदानात हजारो लोक उभे राहून गाणं ऐकतात, त्या मोठ्या कॉन्सर्टच्या तिकिटांबद्दल हा धागा आहे. ती महाग झालीत यावर वाद नको, ते दिसतंच आहे. मला वेगळंच विचारायचंय. जाहिरातीत जी किंमत असते, त्या किमतीला तिकीट नक्की कुणाच्या हाती लागतं?

सगळ्यांना आठवत असेल असं उदाहरण घेते. जानेवारी २०२५ मधले कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचे कार्यक्रम. सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजार, लाउंजचं पस्तीस हजार. २२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी बारा वाजता विक्री सुरू झाली आणि बघता बघता संपली. त्याच दिवशी तिसरा कार्यक्रम जाहीर केला, तोही गेला. संध्याकाळपर्यंत पुनर्विक्रीच्या परदेशी साइटवर तिकिटांचे भाव लाखांत. मग मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेची चौकशी, उच्च न्यायालयात जनहित याचिका वगैरे सगळं रीतसर झालं. न्यायालयाने याचिका फेटाळली. हा धोरणाचा विषय आहे, नियम करायचे तर सरकारने आणि विधिमंडळाने करावेत, असा एकूण सूर.

ते मोठ्यांचं झालं. मागच्या हिवाळ्यात पुण्यात एका गायकाच्या कार्यक्रमाचं तिकीट मी काढत होते. पहिल्या पानावर १,९९९. दुसऱ्या पानावर कर. तिसऱ्यावर 'सोयीचं शुल्क', आणि त्या शुल्कावर परत कर. मग तिकिटाऐवजी गेटवर दाखवायचा मनगटी पट्टा घरी पाठवण्याचे पैसे. तळाशी कुठल्याशा देणगीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली. वर घड्याळ उलटं धावतंय, म्हणजे विचार करायलाही उसंत नको. पैसे भरले तेव्हा आकडा अडीच हजारांच्या पार गेला होता.

महाग विका, माझं काही म्हणणं नाही. पण पहिल्या पानावर दिसते तीच किंमत घ्या. आणि एकूण तिकिटांपैकी खुल्या विक्रीला किती ठेवलीत ते आधी जाहीर करा. अमक्या बँकेच्या कार्डवाल्यांना दोन दिवस आधी, प्रायोजकांचा कोटा वेगळा, निमंत्रितांना फुकट, आणि जे उरतं त्यावर आम्ही तुटून पडायचं. ते किती उरतं हे कुणी सांगेल का?

खतावणी

असहमत. घोळ तिकिटं महाग होती म्हणून झाला नाही, स्वस्त होती म्हणून झाला.

स्टेडियम पन्नास-पंचावन्न हजारांचं. त्या दिवशी साइटवर आलेल्यांचा बातम्यांतला आकडा सव्वा कोटीच्या वर. अशा वेळी तुम्ही अडीच हजार किंमत ठेवलीत, तर जो तिकीट मिळवेल त्याच्या हातात आयताच नफा ठेवलात. त्यावर दलाल येणार नाहीत तर कोण येणार? आयोजकाने तेच तिकीट बारा हजारांना विकलं असतं, तर वरचे पैसे निदान गाणाऱ्याला आणि मांडव घालणाऱ्याला मिळाले असते. आता ते बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणारे प्रोग्राम, चालवणाऱ्याच्या खिशात गेले.

शुल्क लपवण्याबद्दल तुमच्याशी सहमत, ती लबाडीच आहे. पण कोट्याची माहिती कशाला हवी? खासगी कार्यक्रम आहे, रेशन दुकान नव्हे. न गेल्याने कुणाचं काही अडत नाही.

आडवाटेचा_प्रवासी

>> रेशन दुकान नव्हे

मग पोलीस बंदोबस्त खासगी मागवा की. आणि त्या दिवशी नेरूळच्या रस्त्यांवर आम्ही रहिवासी अडकतो, त्याचं बिल कुणाला लावू?

ट्रसवाला

वीस वर्षं स्टेज आणि साउंडच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

आपल्याकडे मोठ्या कॉन्सर्टसाठी बांधलेली जागा जवळपास नाहीच. जे आहे ते क्रिकेटचं मैदान, रेसकोर्स, नाहीतर कुणाचं तरी फार्म. म्हणजे तिथे शून्यापासून गाव उभं करायचं. स्टेज, छप्पर, दिवे टांगायचे लोखंडी सांगाडे म्हणजे ट्रस, एलईडी भिंती, टांगलेल्या स्पीकरच्या माळा म्हणजे लाइन अ‍ॅरे, मागच्या लोकांसाठी स्पीकरचे डिले टॉवर, डिझेलचे जनरेटर आणि ते बंद पडले तर म्हणून आणखी जनरेटर. गवतावर पसरायची फ्लोअरिंग, बॅरिकेड, फिरती शौचालयं, रुग्णवाहिका, अग्निशमनचा दाखला, पोलिसांची परवानगी, गाण्यांच्या हक्कांचे परवाने. पाच-सहा दिवस उभारणी, दोन-अडीच तास गाणं, आणि रातोरात उतरवायला सुरुवात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या देशांत बांधीव अरीना असतात. तिथे छताला टांगायच्या जागासुद्धा तयार असतात, ट्रक मागच्या दाराला लागतो आणि दुपारपर्यंत स्टेज उभं राहतं.

वर आपला पाऊस. ऑक्टोबर ते मार्च एवढाच हंगाम, त्यातले शनिवार-रविवार मोजकेच. सगळ्यांना तेच दिवस, तेच मैदान, तेच क्रेनवाले हवे असतात. डिसेंबरात आमचेही दर चढतात, खोटं कशाला बोलू. रात्री दहाला भोंगे बंद, त्यामुळे दिवसाला दोन खेळ लावून खर्च वाटून घेण्याची सोय नाही. परदेशी कलाकाराचं मानधन डॉलरमध्ये, तेही बरंचसं आगाऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोथरूडला दिलजीत दोसांझचा कार्यक्रम होता, तेव्हा उत्पादन शुल्क विभागाने ऐन वेळी दारूचा परवाना रद्द केला. झालं ते बरं की वाईट हा वेगळा धागा होईल. पण आयोजकाने खर्चाचं गणित बारच्या विक्रीवर बसवलेलं असतं, आणि तो धडा घेऊन पुढच्या वेळी तो ते पैसे तिकिटात धरतो.

तिकीट महाग का, याचं उत्तर एवढं मोठं आहे. 'सोयीच्या शुल्का'शी यातल्या कशाचाही संबंध नाही. त्यातला रुपयाही आमच्यापर्यंत येत नाही.

मृगाचा_किडा

ट्रसवाले, माहितीबद्दल धन्यवाद. आता एवढंच सांगा, एवढा खर्च करूनही मागे उभ्या असलेल्याला गायक मुंगीएवढाच का दिसतो? आम्ही साडेसहा हजार भरून पडदाच बघितला. तो घरी होता.

ओवी

आमच्या सवाईला या. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला महोत्सव अजून चालू आहे. भारतीय बैठकीवर सतरंजीवर बसून पाच दिवस ऐका, तुमच्या एका कॉन्सर्टच्या तिकिटाच्या कितीतरी कमी पैशांत. कानही सुखरूप राहतील.

नाटकाचंही तेच. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून बहुतेक मराठी नाटकांचं वरचं तिकीट पाचशेला थांबतं. तेवढ्यात तीन तास जिवंत माणसं समोर काम करतात. संस्कृती परवडणारी ठेवायची इच्छा असली तर ठेवता येते.

विंगेतून

ओवीताई, रागावू नका, पण पाचशेच्या तिकिटाचं हे कौतुक मला ऐकवत नाही. मी नाटकाच्या बॅकस्टेजला आहे.

पाचशेची ती रेघ रसिकांच्या सोयीची वाटते, प्रत्यक्षात तो आम्हाला बसलेला खोडा आहे. निर्मात्याने तिकीट ५०१ केलं, तर १८ टक्के कर वरच्या एका रुपयावर लागत नाही, अख्ख्या तिकिटावर लागतो. प्रेक्षकाला ते ५९१ ला पडतं आणि निर्मात्याच्या हाती एक रुपया जास्त येतो. मग तो कशाला वाढवेल? आधी ही मर्यादा २५० होती, ती २०१८ च्या जानेवारीत ५०० झाली, आणि तिथेच अडकली. दरम्यान नाट्यगृहाचं भाडं वाढलं, टेम्पोचं डिझेल वाढलं, जाहिरातीचे दर वाढले. तिकीट वाढवता येत नाही म्हटल्यावर काटछाट कुठे होते? बसमध्ये दोन माणसं कमी नेतात. सेट लावणाराच प्रकाशयोजनेच्या बोर्डावर बसतो. नाईटचे, म्हणजे दर प्रयोगाचे, पैसे तेच राहतात.

स्वस्त तिकिटाची किंमत कुणीतरी मोजत असतं. इथे ती आम्ही मोजतो.

ओवी

हे माहीत नव्हतं. मर्यादा वाढवायला हवी, मान्य. पण म्हणून पस्तीस हजारांचं समर्थन होत नाही. नाटकवाल्यांनी मर्यादा हजार करून मागावी, मी सही करते.

लेस्टरकर

इकडची, इंग्लंडची गंमत ऐका. ओअ‍ॅसिस हा बँड पंधरा वर्षांनी एकत्र येणार म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये तिकिटं निघाली. लोक सकाळपासून ऑनलाइन रांगेत. सुमारे १४८ पौंडांचं उभं राहायचं तिकीट, काही तासांनी नंबर लागला तेव्हा ३५५ झालेलं. काळाबाजार नाही, अधिकृत साइटवरच. स्वस्तातली संपली की उरलेली चढ्या किमतीला काढली, आणि विकत घ्यायचं की नाही हे ठरवायला मिनिटं हातात. आमच्या ऑफिसातला एक जण रडकुंडीला येऊन घेऊन बसला.

खतावणी म्हणतात तसं 'आयोजकानेच बाजारभाव घ्यावा' हे प्रत्यक्षात असं दिसतं. त्यावर एवढी बोंबाबोंब झाली की स्पर्धा नियामकाने चौकशी लावली.

मूळ कारण जुनं आहे. पूर्वी अल्बम खपावा म्हणून दौरा काढायचे, तिकीट मुद्दाम आवाक्यातलं ठेवायचे. १९९९ मध्ये इंटरनेटवर गाणी एकमेकांना देता येणारं नॅपस्टर आलं, गाणी फुकट झाली, पुढे स्ट्रीमिंगमध्ये पैशापैशाने मिळू लागले. आता अल्बम ही दौऱ्याची जाहिरात, आणि सगळी वसुली मैदानात.

खतावणी

लेस्टरकर, ओअ‍ॅसिसमध्ये चूक किंमत वाढवण्यात नव्हती, रांगेत उभं केल्यावर वाढवण्यात होती. सुरुवातीलाच ३५५ लिहिलं असतं तर अर्धे लोक रांगेतच आले नसते. माझा मुद्दा तोच राहतो.

चहाकटिंग

वय २३, पहिली नोकरी, फेस्टिवलचं तिकीट हप्त्यांवर घेतलंय. काका-मावश्यांनी आता उपदेश सुरू करावा.

सीरियसली, तुमची पिढी सोफा हप्त्याने घेते आणि त्यावर चादर घालून ठेवते. मी एक रात्र घेतली. महालक्ष्मीला मित्रांसोबत उभं राहून जे गाणं ऐकलं, ते मला पैसे वसूल वाटलं. घर तसंही या शहरात मला परवडणार नाहीये.

आडवाटेचा_प्रवासी

रात्र एक, हप्ते सहा. चालू द्या.

जुनेजाणते

मायकेल जॅक्सन आठवतोय का कुणाला? १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल. शिवसेनेच्या रोजगारासाठीच्या शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी म्हणून कार्यक्रम, आणि युती सरकारने करमणूक कर माफ केलेला. मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली. एवढी महाग तिकिटं आणि वर करमाफी, ही कसली धर्मादाय करमणूक, असा एकंदर सवाल. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती माफी रद्द करून सरकारला फेरविचार करायला सांगितलं. २०२१ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने पुन्हा माफ करून टाकला. सव्वातीन कोटींच्या वर रक्कम. म्हणजे कार्यक्रमानंतर चोवीस वर्षांनी.

तेव्हा सरकारने यात पडू नये असं म्हणणाऱ्यांना एवढंच, सरकार केव्हाचं पडलेलं आहे. फक्त कुणाच्या बाजूने, ते बघा.

मृगाचा_किडा

जुनेजाणते, +१. पाचशेच्या वरच्या नाटकाला कर आणि जॅक्सनला माफी. कुणीतरी याचंच नाटक लिहा. तिकीट ४९९.

उलटा_चष्मा

पुनर्विक्रीला सगळे शिव्या घालताय म्हणून उलट बाजू मांडतो. मी स्वतः विकलंय. चार तिकिटं घेतली होती, ऐन वेळी सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. आयोजक परतावा देत नाही, नाव बदलून देत नाही. मग काय करायचं, फ्रेम करून लावायची? दोन ओळखीत दिली, दोन ऑनलाइन विकली, थोडी जास्त किंमत आली. हा काळाबाजार असेल तर आहे बुवा. तिकीट माझं आहे, मी पैसे मोजलेत. सेकंडहँड गाडी कितीला विकायची हे शोरूमवाला ठरवत नाही.

गवतीचहा

चष्मेसाहेब, सासरे बरे आहेत ना आता?

तुमच्यावर माझा रोख नाहीच. तुमची अडचण परताव्याची आहे, आणि ती आयोजकाने मुद्दाम निर्माण केलेली आहे. परतावा नाही, हस्तांतर नाही, म्हणून लोक आडमार्गाला जातात. पण 'थोडी जास्त किंमत' कशासाठी? आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं मूळ किमतीपेक्षा जास्तीने विकायला बंदी घातली. ब्रिटन सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये तसंच करणार असल्याचं जाहीर केलं. अडचण आली तर विका की, मोजले तेवढे घ्या. तुम्हाला तोटा नाही, घेणाऱ्याला भुर्दंड नाही.

उलटा_चष्मा

सासरे ठणठणीत, धन्यवाद.

मोजले तेवढेच घ्यायचे, तर ते 'सोयीचं शुल्क' धरून की सोडून? मला ते कुणी परत करत नाही.

खतावणी

आणि मूळ किमतीचं बंधन घातलं की व्यवहार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातात. तिथे निम्मी तिकिटं बनावट निघतात. निदान साइटवर तक्रार तरी करता येते.

गवतीचहा

शुल्क धरून. आणि विकणाऱ्या कंपनीनेच आपल्या साइटवर अदलाबदलीची सोय करावी, जुना क्यूआर कोड रद्द, घेणाऱ्याला नवीन. मग व्हॉट्सअ‍ॅपवर कोण जातंय? तंत्रज्ञान आहेच, ते पाच शुल्कं पाच पानांवर पसरायला वापरतात, त्यातलं थोडं इकडे वापरा. दुसऱ्यांदा विकताना पुन्हा शुल्क लावणार असतील, तर मात्र मी चष्म्यांच्या बाजूने आहे.

ट्रसवाले, माझा मूळ प्रश्न तसाच राहिलाय. तुम्ही आत असता, गेटवर पट्टे मोजले जाताना बघता. खुल्या विक्रीतली किती आणि पासवाली किती, अंदाज तरी?

ट्रसवाला

आकडा मला कुणी सांगत नाही, आणि अंदाजाने लिहिलं तर उद्या तोच आकडा फिरत राहील. एवढं सांगतो. साउंडचा कन्सोल मैदानाच्या मध्यावर असतो, तिथून स्टेजपर्यंतचे सगळे कप्पे मला दिसतात. साउंडचेकच्या वेळी सर्वांत पुढच्या कप्प्याला 'प्रायोजक' अशी पाटी असते. गाणं सुरू होऊन चार-पाच गाणी झाली तरी तो अर्धा रिकामा असतो, आणि बॅरिकेडच्या मागची माणसं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी असतात. दोन-तीनदा आयोजकाने मागच्यांना आत सोडलेलं बघितलंय. एरवी नाही. पुढे लावलेल्या कॅमेऱ्यात मोकळी जागा दिसते म्हणून सोडतात, कळवळा वगैरे काही नसतो.