कॉमिक्स झरझर संपतं, डोक्यात मात्र काही राहत नाही. वाचायचं कसं?

कोरी_चौकट
नमस्कार मंडळी. सवय कादंबऱ्यांची, ग्राफिक नॉव्हेल आत्ता कुठे वाचून राहिलो. दोनशे पानं तासाभरात संपतात. गोष्ट सांगता येते, पण चित्र एकही आठवत नाही. काही पानांवर कुठली चौकट आधी, तेच कळत नाही. वाचनगटात "कसं वाटलं?" विचारलं की "मस्त चित्रं" म्हणून गाडी थांबते. सध्या डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं 'भीमायन' घेतलंय, त्यात तर चौकटीच नाहीत! बाकी बरंचसं वाचन मोबाईलवर.

रेघ_आणि_शाई
तासाभरात संपतं, कारण तुम्ही फक्त फुगे, म्हणजे पात्रांची वाक्यं, वाचताय. कादंबरीला सरावलेला डोळा अक्षरावरून अक्षरावर उड्या मारतो, चित्र त्याच्या लेखी सजावट. पान उघडलं की फुग्यांना हात न लावता वीसेक सेकंद नुसतं बघा: सगळ्यात मोठी चौकट कुठली, काळं कुठे दाटलंय, माणसं कुणाकडे बघतायत. मग मजकूर. पान उलटण्याआधी परत एकदा चित्र. सुरुवातीला एका बैठकीत पंधरा-वीस पानं पुरे.

क्रम डावीकडून उजवीकडे, वरून खाली. घोळ हमखास एका मांडणीत होतो: डावीकडे एकाखाली एक दोन लहान चौकटी आणि शेजारी दोघींच्या उंचीची एक उभी. आडवं गेलात की खालची लहान चौकट मागे राहते. आधी डाव्या दोन्ही उतरायच्या, मग उभी. चौकटीत दोन फुगे असतील तर वरचा आधी, एकाच उंचीवर असतील तर डावा. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आला, की समजा रस्ता चुकला.

आता गटर. चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला हेच म्हणतात, नाव घाणेरडं असलं तरी. एका चौकटीत उगारलेला हात, पुढचीत जमिनीवर पडलेला चष्मा; मधली थप्पड कुणी काढलेलीच नाही, ती तुम्ही मारता. कॉमिक्सकार स्कॉट मक्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये अशा उड्यांचे सहा प्रकार सांगितले. पाठ करू नका, पण एक ओळखायला शिका: काळ पुढे न सरकता एकाच जागेची वेगवेगळी अंगं दाखवणारा. खिडकी, कपबशी, पाऊस, बोटं. मांगात, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, तो भरपूर सापडतो. नवखा माणूस "इथे काही घडतच नाही" म्हणून पळतो, आणि पुस्तकाचा मूड तिथेच सांडतो.

बर्डीवाला
भाऊ, 'भीमायन'मध्ये चौकटी नाहीत असं काहून म्हणता? पानाची वाटणी आहे, फूटपट्टीने केलेली नाही इतकंच. २०११चं पुस्तक, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. माणसं खोक्यात कोंबायची नाहीत असं चित्रकारांनी ठरवलं, म्हणून दिग्नाच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. दिग्ना म्हणजे गोंड घरांच्या भिंती-जमिनीवरची नक्षी. पट्टीच्या कडेने नजर फिरवा, रस्ता सापडतो.

फुगे नीट बघा. मवाळ बोलणाऱ्याचा, सोसणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळ्याची खूण. मजकूर वाचायच्या आधी पानावरच्या नांग्या मोजा, कोण काय बोलणार ते कळून जाते. पाणी, निवारा, प्रवास असे भाग आहेत. एका बैठकीत एकच घ्या.

कागदी प्रत हवी असेल तर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे विचारून बघा. सकाळी लवकर जा. नंतरच्या गर्दीत पुस्तक उघडून बघायलाही जागा नसते.

अनुस्वार
वीस सेकंदांचा नियम सरसकट लावायला माझा विरोध आहे. तिरप्या चौकटी, मोजका मजकूर असलेलं मारामारीचं पान पळण्यासाठीच काढलेलं असतं. तिथे थांबलात की त्याचा दम जातो. पहिलं वाचन वेगात होऊ द्या, सावकाशी दुसऱ्यात. शिवाय उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत बरेचदा प्रश्न टांगलेला असतो आणि पान उलटल्यावर डावीकडे धक्का. त्या धक्क्यानंतरचं शेजारचं उजवं पान मात्र डोळा चोरून आधीच बघतो. ते हाताने झाका. हास्यास्पद दिसतं, पण उपयोगी आहे.

"मस्त"च्या पुढे जायचं तर वहीत एका ओळीत चार गोष्टी लिहा: पान, चौकट, काय वाटलं, कशामुळे. समजा: "पान ४१, तिसरी, गुदमरल्यासारखं, चौकट अरुंद, फुग्याने डोक्यावरची सगळी जागा खाल्ली." 'कशामुळे' रिकामं राहिलं तर त्या पानावर परत जा. कारण बहुतेकदा चेहरा किती जवळून दाखवलाय, कोन, काळ्या शाईचा भार, अक्षरांची जाडी किंवा मोकळी सोडलेली जागा यांत सापडतं. नावडलेलंही लिहा. "चित्रं बेढब" वाटली, तर बेढबपणा सगळीकडे आहे की एकाच पात्रापुरता? एकापुरता असेल तर तो मुद्दाम केलेला असू शकतो.

बऱ्याच पुस्तकांत पानांना आकडेच नसतात. गुळगुळीत कागदावर पेन्सिलही धड उमटत नाही, साध्या कागदाच्या पट्ट्या घाला. आणि गोंदाने चिकटवलेली जाड पुस्तकं पूर्ण उताणी करू नका. मे महिन्यात बंद गाडीत तर ठेवूच नका. आपल्याकडच्या उन्हात गोंद मऊ पडतो आणि पानं सुटतात.

कोरी_चौकट
नांग्या मोजायला घेतल्या! मोबाईलवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय चालेल का? मांगाचं काय?

रेघ_आणि_शाई
ती सोय पान मोडते. शेजारच्या चौकटीच्या तुलनेत ही लहान की मोठी, तेच दिसत नाही, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध कापलं जातं. लहान पट्ट्यांच्या कॉमिक्सला चालून जाईल. 'भीमायन'ला नाही. टॅब असेल तर आडवा धरून दोन पानं एकत्र बघा. मांगा मूळ मांडणीत छापलेला असेल तर आपल्याला शेवटचं वाटणारं पान पहिलं: चौकटी उजवीकडून डावीकडे, फुगेही तसेच. अनुस्वार म्हणतात ते झाकायचं पानही मग डावं.