इर्जिक आणि सावड एकच का?

शेतीवरच्या बोलण्यात दोन्ही शब्द येतात, शहरात वाढलेल्यांना दोन्हीचा अर्थ नुसता 'मदत' असा वाटतो. नेमका फरक काय?

— सावडीत हिशोब असतो. आज मी तुझ्या रानात खुरपायला, उद्या तू माझ्या, दिवसाला दिवस, पैसा मधे येतच नाही. ज्याच्याकडे एकच बैल तो तसल्याच दुसऱ्याशी सावड करतो की झाली जोडी. मराठवाड्यात वारंगुळा म्हणतात ते हेच. इर्जिकीत असं मोजमाप नाही. कुणाच्या घरात आजारपण असतं, कुणाचा ऐन हंगामात बैल मेलेला असतो, काम मागं पडलेलं असतं, मग त्याच्या वावरात गावातली औतं, म्हणजे नांगर-बैलजोड्या, एकाच दिवशी उतरतात आणि मालकानं फक्त जेवण घालायचं, पुरणपोळी नाहीतर मटण, जशी ऐपत. म्हणून इर्जिकीला श्रमदान म्हणणं मला पटत नाही, पंगत वाढली की त्या माणसाची मान ताठ राहते, दान घेतलं असं त्याला वाटत नाही.

— बरोबर, पण यात वाफसा धरल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. पाऊस उघडल्यावर जमीन धड चिखल नाही धड कोरडी नाही अशी थोडेच दिवस राहते, तेवढ्यात पेरणी साधली तर साधली, नाहीतर वर्ष गेलं. एकट्याच्यानं ते होत नाही आणि पैसा असला तरी त्या दिवसांत औत मिळत नाही कारण सगळ्यांनाच हवं असतं. आपली औतं येतील हा भरवसा होता म्हणून तर लोक उसनं बियाणं आणून पेरायचे. आशा म्हणतो ती मला तरी यातच दिसते, नुसतं आभाळाकडं बघत बसण्यात नाही. चांगलं जगणं म्हणजे घर, गाडी, बँकेतला पैसा हे खरंच, पण अडीनडीला माणूस उभं राहणं त्यात धरायलाच हवं.

— जुन्नर, आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी लोकांची पडकई पण यात घ्या, उतारावर सगळ्यांनी मिळून बांध घालून भातखाचरं करायची.

— ट्रॅक्टरनं इर्जिक हा शब्द मेला म्हणतात, ते नांगरटीपुरतं खरं. खुरपणी आणि कापूस वेचणी अजून हातानंच होते, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून पानी फाउंडेशनच्या २०२२ पासूनच्या फार्मर कप या गटशेतीच्या स्पर्धेतल्या गटांत बायका आळीपाळीनं एकमेकींच्या रानात जातात. त्याला काही जण इर्जिक म्हणतात, पण पाळी धरून चाललेलं काम म्हणजे वरच्या हिशोबानं सावडच झाली.