मदत हवी आहे: नाताळात ओव्या गायच्या आहेत

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यातली आम्ही चार ख्रिस्ती कुटुंबं दर गुरुवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमतो. गाणी ऐकून शेजारच्या काकीही हल्ली ओटीवर येऊन बसतात. त्यांना येशूची गोष्ट सांगताना माझा ऊर भरून येतो.

इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची गोष्ट सांगणारं काव्य, १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं, तेही ओवीत, आपल्याच भाषेत! त्यातला येशूजन्म यंदा सगळ्यांसमोर गावा असं फार वाटतं. पण ती जुनी मराठी आमच्या मुलांच्या जिभेवर बसत नाही. सोप्या अर्थासह देवनागरी प्रत कुठे मिळेल? ओवीची चाल पेटीवर कशी बसवायची? कुणी रेकॉर्ड करून पाठवाल का? दिवाळीनंतर लगेच सराव सुरू करायचा आहे.