ट्रेकला जोडून चार दिवस सेवा: त्या गावाने ती मागितली आहे का?

जांबोटीकर

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. शाळेत असताना दर सुट्टीला आमच्याकडे यायचा. भीमगड, पारगड, कलानिधीगड आम्ही दोघांनी मिळून पायाखाली घातलेत. येत्या ऑक्टोबरात तो एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललाय. ५,३६४ मीटर! ऐकून भरून आलं मला. पण सहल कंपनीने ट्रेकला जोडून चार दिवस 'सेवा' ठेवली आहे, डोंगरातल्या एका शाळेत शिकवायचं. त्याचे पैसे वेगळे. काय शिकवणार रे, म्हटलं, तर म्हणतो, "ते तिथं गेल्यावर सांगतात मामा."

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर २३ वर्षं काढली. आमच्याकडेही असे पाहुणे आले होते, काही वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात. मोठ्या शहरातली पंधरा-सोळा मुलंमुली, मनाने खरोखर चांगली. त्यांनी व्हरांड्याच्या भिंतीवर फुलपाखरं, फळं आणि एक मोठा मोर रंगवला. पश्चिमेची भिंत आणि आमच्याकडचा पाऊस. वरची कौलं फुटलेली, त्यामुळे भिंतीला आतून ओल. दसऱ्यापर्यंत मोराच्या पोटाचे पोपडे खाली आले. तेवढ्या पैशांत कौलं बदलून झाली असती. पण आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि पाहुण्यांना कसं सांगायचं म्हणून आम्हीही गप्प बसलो. ती चूक आमची.

जाताना त्यातली एक ताई चौथीतल्या मुलीला "दिवाळीत परत येते" म्हणाली. त्या पोरीने वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'ताई दिवाळी'. सुट्टी संपल्यावर तिने ते खोडलं. इतकं जोरात खोडलं की कागद फाटला. ते पान मी पाहिलंय.

म्हणून माझं म्हणणं असं, की डोंगर चढायला जा, मनसोक्त चढा, तिथल्या माणसांना त्यांच्या कामाचा पुरता मोबदला द्या. सेवा त्याला चिकटवू नका. गावाने न मागितलेलं काम शेवटी गावालाच निस्तरावं लागतं. तुम्हाला काय वाटतं?

तिसरे रेल्वेगेट

सर, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण त्यावरून सगळ्यांना दार बंद करू नका.

दोन वर्षांपूर्वी मी अन्नपूर्णा बेस कॅम्प केला, ४,१३० मीटर. गोरखपूर, सुनौली, पोखरा असा रस्त्याने गेलो. खरं सांगतो, नुसत्या ट्रेकमध्ये माणसं भेटतच नाहीत. संध्याकाळी लॉज, डाळभात, झोप, पहाटे परत चाल. जेवण मागण्यापलीकडे बोलणंच होत नाही. ट्रेक संपल्यावर आमच्या गाईडने त्याच्या गावी बोलावलं, म्हणून पाच दिवस राहिलो. त्यांची कोदोची काढणी चालली होती. कोदो म्हणजे आपली नाचणी! मी कणसं कापायला बसलो. त्याच्या आईने दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या हातातून विळा काढून घेतला. कणसाच्या खाली बोट कसं ठेवायचं ते दाखवलं आणि मग विळा परत दिला. माझ्या आजीची आंबिल आठवली. पाच दिवसांत मी त्यांचं फार काम केलं असेल असं म्हणत नाही. पण त्या घरी आजही माझा फोन जातो.

आणि हिलरीचं काय? तोही १९५३ ला एव्हरेस्ट शिखर चढायलाच गेला होता. पुढे खुमजुंगची शाळा १९६१ साली त्याने उभी केली, खुंदेचं हॉस्पिटल १९६६ साली. चढाई आणि सेवा जोडायचीच नाही म्हटलं असतं तर खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या त्या शेर्पांच्या मुलखात, ते झालं असतं का?

वडगावची सून

मी नर्स आहे, माझी काळजी आधी तब्येतीची.

बेळगाव साडेसातशे मीटरवर. एव्हरेस्टची चाल जिथून सुरू होते त्या लुक्लाला विमानातून उतरलात की एकदम २,८५० च्या आसपास. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच काढावा, हा नियम. म्हणून नाम्चेला (३,४४०) एक जादा रात्र, दिंगबोचेला (४,४१०) आणखी एक. नोकरदार माणसाची रजा ठरलेली. तेवढ्यातच चार दिवस सेवेचे काढायचे तर कात्री कुठे लागते? या दोन रात्रींवर. जांबोटीकर सर, भाच्याला वेळापत्रक मागा आणि या दोन ठिकाणी दोन-दोन मुक्काम आहेत का ते बोट ठेवून बघा. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि तरी वर चढतोय, यातूनच मेंदूला सूज येते, फुप्फुसात पाणी होतं. गोळी असते, पण ती उतरण्याला पर्याय नाही.

दुसरं, आरोग्य शिबिरं. बीपीची गोळी सात दिवसांची देऊन निघून गेलेल्या माणसाने त्या म्हातारीचं काय केलं? आठव्या दिवशी तिला कोण विचारणार? आपल्या सरकारी दवाखान्यात कुणी परदेशी विद्यार्थी सुट्टीत येऊन टाके घालतो म्हणाला तर आपण हात लावू देऊ का? मग तिथे आपण कसं जायचं?

निपाणीकर

सरांचं निम्मं पटलं, निम्मं नाही.

ऑगस्ट २०१९. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी आमच्या भागात शिरलं, यमगर्णीजवळ हायवेसुद्धा बंद पडला. पाणी ओसरल्यावर ट्रकच्या ट्रक कपडे आले. शाळेच्या पटांगणात ढीग, त्यात जीन्सच्या पँटी, लग्नातले झगमगीत ड्रेस, लहान मुलांचे लोकरी कोट. आमच्या म्हाताऱ्या बायका नऊवारीवाल्या, त्या ढिगाजवळ येऊन बघायच्या आणि रिकाम्या हाताने परत जायच्या. पुढच्या पावसात तो ढीग भिजला, कुजला, आणि उचलायला परत गावाचीच माणसं लागली.

पण त्याच आठवड्यात एका गावातली तालमीची पोरं आली. त्यांनी खोरी, घमेली, खराटे, ब्लिचिंग पावडर सगळं आपलं आपण आणलेलं. आल्या आल्या विचारलं, "कुठल्या घरात माणूस कमी आहे?" तीन दिवस चिखल उपसला, आपल्या भाकऱ्या आपण खाल्ल्या, गेले. नावसुद्धा ठाऊक नाही कुणाला. तीनच दिवस, पण ते दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेव्हा थोडे दिवस म्हणजे वाईट, हे मला मान्य नाही. चिखल उपसायला तीन दिवस पुरतात, पोराला शिकवायला पुरत नाहीत. काम कुठलं ते बघायला पाहिजे.

मलप्रभा काठ

मी सरांच्याही पुढे जाऊन सांगते. शाळा एक वेळ परवडली, पण अनाथाश्रमाचं नाव काढलं तर त्या कंपनीला तिथेच नमस्कार करा.

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ यादवी चालली. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी पोरं उचलली. आईबापांना सांगितलं, शहरात शिक्षण मिळेल. पैसे त्यांच्याकडूनच घेतले आणि मुलं काठमांडूच्या बालगृहांत अनाथ म्हणून ठेवली. तिथल्या अशा बालगृहांतल्या बहुतांश मुलांची आई किंवा वडील हयात आहेत. पाहुणे येतात, रडतात, देणगी देतात, म्हणून पोरं लागतात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात याच प्रकारावर बोट ठेवलं. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येऊन मांडीवर घेतो आणि जातो, त्या लेकराच्या मनाचं काय होत असेल? सरांच्या वहीतल्या पानावर ते आहेच.

अनगोळचा वाचक

सेवाच करायची तर नेपाळ कशाला? भीमगडच्या जंगलात आमगाव, गवाळी, पास्टोली आहेत की. पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारखं बांधून खांद्यावरून आणावं लागतंय. तिकडं जावा.

तिसरे रेल्वेगेट

हे मात्र मला लागलं. आमगावला मी तीनदा जाऊन आलोय, तुमच्यापैकी किती जण गेलेत? आणि खरं सांगू, ती नाचणी कापून आल्यावरच मला आमगाव दिसलं. त्याआधी कॅसलरॉककडे, चोर्ल्याच्या घाटात फिरायचो ते धबधबे बघायला. वाटेतल्या घरात कोण राहतं, हे कधी विचारलं नव्हतं. बाहेर गेल्याने माणसाचे डोळे उघडतात, हे काही कमी आहे? बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीत हजारो पोरं आठ-दहा दिवस जाऊन आली. त्यातून पुढे कितीजण कामाला लागले! तेही थोडेच दिवस होते.

जांबोटीकर

तिसरे रेल्वेगेट, तुमच्यावर माझा राग नाही, उलट तुमची नाचणीची गोष्ट मी घरी वाचून दाखवली. पण तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत.

हिलरीने शाळा बांधली ती शेर्पांनी मागितली म्हणून. आणि तो काही चार दिवसांत परतला नाही. २००८ ला जाईपर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या लोकांशी बांधलेला राहिला. सोमनाथची छावणी तर नावातच सांगते, श्रमसंस्कार. संस्कार आलेल्या पोरांवर व्हायचा. तिथे कुणी म्हटलं नाही की आम्ही गावाला शिकवायला चाललोय. तुमच्या गाईडच्या आईने विळा तुमच्या हातातून काढून घेतला, तिथे शिकणारे तुम्ही होता. मग कंपनीनेही तसंच सांगावं, की तुम्ही शिकायला चाललाय, आणि शिकवणाऱ्या घराला फी द्यावी. उलट सांगून पैसे घेतात याचा मला त्रास होतो.

आणि भाषा. सीमेवर राहून आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आमची पोरं घरी मराठी, बाहेर कन्नड, पुस्तकात इंग्रजी अशी तीन डगरींवर पाय ठेवून उभी असतात. खुंबूतलं पोर घरी शेर्पा बोलतं, शाळेत नेपाळी, वर इंग्रजी. त्याच्यासमोर माझा भाचा मोडक्या हिंदीत चार दिवस काय सांगणार? पोर 'अ'पाशी का अडतं हे कळायला मला पहिली दोन वर्षं लागली होती.

शिवाय चौकशी केली तेव्हा आणखी एक कळलं. ट्रेकचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि नेपाळात दसैं-तिहारची सुट्टीही त्याच सुमारास. म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीसारखीच. तारखा जुळल्या तर पोरांना सणातून उठवून पाहुण्यांसाठी वर्गात बसवणार का?

तिसरे रेल्वेगेट

सुट्टीचा मुद्दा बिनतोड आहे, तो घेतला. फी देऊन शिकायला जावं, तेही पटलं. पण "मागितल्याशिवाय नको" यावर मी अडलोय. गरीब माणूस परक्याकडे मागत नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंत, फुटक्या कौलांचं तुम्ही बोलला नाहीत. मग मागणी यायची वाट बघत बसायचं?

जांबोटीकर

खरं आहे. यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

कंग्राळीचा फौजी

मराठा रेजिमेंटमधून निवृत्त. उंचीवर नोकरी केलेली आहे, म्हणून भरियांबद्दल लिहितो, कारण इतक्या चर्चेत त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

तुमची बॅग जो वाहतो तो भरिया. कपाळाला नाम्लोचा पट्टा, पाठीवर डोको, म्हणजे मोठी टोपली. आपल्याला वाटतं हे सगळे शेर्पा, यांना थंडी काय करणार. तसं नाही. त्यातले पुष्कळ जण खालच्या खोऱ्यातले राई, तामांग शेतकरी. त्यांना उंची आपल्यासारखीच बाधते. अंगात पातळ जाकीट, पायात साधे बूट, आणि आजारी पडला तर एकट्याला खाली पाठवून देतात. सेवा करायची ना? मग पहिल्या दिवशी त्याचं नाव विचारा. ओझं वजन करून घ्या. तो रात्री कुठे झोपतो, पांघरूण आहे का, विमा उतरवलाय का, हे कंपनीला लेखी विचारा. काठमांडूला 'काठमांडू एन्व्हायरन्मेंटल एज्युकेशन प्रोजेक्ट' नावाची संस्था आहे, ती भरियांना उबदार कपडे वापरायला देते. ट्रेक झाल्यावर आपलं चांगलं जाकीट तिथे देऊन या. निपाणीकरांनी सांगितलेल्या ढिगासारखं ते होणार नाही, कारण तिथे नेमकं तेच लागतं.

आणि दुसरं एक काम आहे, आपल्या वाटेवरचंच. नाम्चेहून कचरा बारीक करून एक-एक किलोच्या पिशव्या भरून ठेवतात. परतणाऱ्या ट्रेकरने एक पिशवी उचलायची आणि लुक्लाला पोचवायची. 'कॅरी मी बॅक' म्हणतात त्याला. तिथल्या स्थानिक समितीच्या साथीने ते चालतं. न शिकवणं, न वेगळी रजा. उतरताना रिकाम्या पाठीला एक किलो काही जड नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री.

निपाणीकर

फौजी दादा, रामराम. याला म्हणतात काम.

तिसरे रेल्वेगेट

मी पुढच्या वर्षी खुंबूला जायचं म्हणतोय. ती पिशवी लुक्लात द्यायची कुठे?

कंग्राळीचा फौजी

विमानतळाजवळच घेतात. नाम्चेत उचलताना विचारून घ्या, सांगतात.

जांबोटीकर

काल रात्री भाच्याशी बोललो. वेळापत्रक बघितलं, दिंगबोचेला एकच मुक्काम होता. शाळेचे चार दिवस रद्द करून तिथे एक रात्र वाढवून मागितली आहे. शाळेचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणे. असू देत. फौजी दादा, जाकिटाचं आणि पिशवीचं त्याला सांगितलंय. आणि तिसरे रेल्वेगेट, तुम्ही आमगावला परत कधी निघताय ते कळवा. माझ्या ओळखीची तिथे दोन घरं आहेत, त्यांना आधी विचारून ठेवतो.