ओल्या कचऱ्याची घरोघरी गाडी: ५०० घरांसाठी नियोजन कसं करावं?

प्रश्न: वॉर्डात सध्या सगळा कचरा एकत्रच जातो. ओला वेगळा उचलायचा आहे. माणसं, डबे किती लागतील?

उत्तर १: घरटी अर्धा किलो धरा, म्हणजे रोज अडीचशे किलो. अडचण वजनाची नाही, वेळेची आहे. दारापाशी अर्धा मिनिट धरलं तरी चार तासांहून जास्त. दोन माणसं, दोन ढकलगाड्या हव्यातच. आणि गाडीला मागे दोन वेगळे कप्पे नसतील तर सुरूच करू नका. वेगळा केलेला कचरा एकत्र पडताना लोकांनी एकदा पाहिला की संपलं.

उत्तर २: झाकणाचा १० लिटरचा डबा, तळाशी वर्तमानपत्राची दुहेरी घडी. पिशवी नको. आमटी, ताक गाळूनच टाका. पाण्यामुळे आत हवा जात नाही, कचरा आंबतो, मग वास आणि अळ्या. शहाळी, करवंट्या वेगळ्या द्या.

उत्तर ३: डायपर, पॅड कुठे, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर ते ओल्यातच येतात. पुण्यात कागदात गुंडाळून लाल ठिपका काढायला सांगतात. उचलणाऱ्याला उघडून बघावं लागत नाही.

उत्तर ४: गाडीआधी खताची जागा! सुका पाला किंवा भुसा साठवून ठेवा, रोजच्या थरावर तो पसरा. मूठभर माल दाबल्यावर बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवा. पावसाळ्यात वर पत्रा लागतोच.